स्तनातील विरळ सौम्य गाठी : निदानाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

श्रीवर्धनचे नाव निघाले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम आठवण होते ती भट देशमुखांच्या घराण्याची, जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यामुळे घाटावर आलेल्या बाळाजी विश्वनाथाची आणि १७१३ साली त्यास मिळालेल्या पेशवेपदाची. प्रस्तुत लेखात ह्या गावाचा विचार अगदी निराळ्या कारणाने करावयाचा आहे. राजकीय इतिहासात जे स्थळ एका मोठ्या घराण्याचे उगमस्थान ठरले, तेच रोगनिदानाच्या इतिहासात, किनाऱ्यावरील इतर शेकडो गावांप्रमाणे, कोणत्याही नोंदवहीत न चढलेल्या रुग्णांचे गाव होते. स्तनात गाठ आढळली असता ती कशाची आहे हे ठरविण्याची साधने गेल्या दोनशे वर्षांत कोणकोणत्या टप्प्यांनी घडत गेली, ती घडविणाऱ्यांच्या दृष्टीपुढे कोणता प्रश्न होता, आणि श्रीवर्धनसारख्या ठिकाणच्या स्त्रीला त्या साधनांचा कितपत उपयोग झाला, हा आमचा विषय आहे. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ज्या गाठी कर्करोग नव्हेत, परंतु हाताला व क्ष-किरणाला तशाच भासतात, त्या विरळ सौम्य गाठींचा इतिहास मात्र त्या मोठ्या इतिहासाच्या तळटीपांत विखुरलेला राहिला.

‘विरळ’ ह्या विशेषणाचा विचार आधी केलेला बरा. पाठ्यग्रंथात एखादी विकृती विरळ म्हटली म्हणजे विरळपणा हा जणू त्या विकृतीचाच गुणधर्म होय, असा विद्यार्थ्याचा समज होतो. वस्तुतः तो पाहणाऱ्याच्या जागेचा गुणधर्म असतो. तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरास जी गाठ उभ्या नोकरीत एखाद्या वेळी भेटेल, ती परळच्या मोठ्या रुग्णालयात वारंवार पाहावयास मिळते. आणि अमेरिकेतील तज्ज्ञाने जिला यादीच्या शेवटी टाकले, ती क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या देशात यादीच्या मध्यावर यावयास पाहिजे. ही साधी गोष्ट निदानशास्त्राच्या इतिहासात फार उशिरा ध्यानात घेतली गेली, आणि तिची किंमत अनेक स्त्रियांनी आपल्या शरीराने मोजली, असे आमचे मत आहे.

गाठीगाठींत भेद करण्याची दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहाव्या अध्यायात स्तनरोगांचे, व अकराव्यात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्यांचे निदान सांगितले आहे. अर्बुद हे वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ धरणारे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे त्याचे वर्णन येते. स्तनरोग गर्भिणी व प्रसूता स्त्रियांस होतात, कन्यांस होत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. ह्या वचनांवरून आजच्या सर्व विकृती प्राचीनांस ठाऊक होत्या असे अनुमान काढणे हा केवळ भाबडेपणा होईल. कन्यांविषयीचे विधान तर तरुण मुलींत नेहमी आढळणाऱ्या फायब्रोॲडिनोमाच्या गाठीने सरळसरळ खोटे ठरते. परंतु गाठ पिकते काय, तिचे मूळ खोल गेले आहे काय आणि प्रसूतीशी तिचा काही संबंध आहे काय, हे जे तीन प्रश्न तेथे गृहीत धरले आहेत ते आजही प्रत्येक तपासणीच्या आरंभी विचारले जातात. पुढे बोलीत मात्र ‘गाठ’ ह्या एकाच शब्दाने ग्रंथी व अर्बुद ह्या दोहोंनाही गिळून टाकले. मराठी स्त्री आजही ‘गाठ आली’ एवढेच सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाचा एकच अर्थ उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांकडे वळले तर निराशाच पदरी येते. मुंबई गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुलाबा जिल्हा व जंजिरा संस्थान ह्यांची माहिती एकत्र आहे. श्रीवर्धन त्या काळी जंजिरा संस्थानात मोडत असे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर तो मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या काळच्या ब्रिटिश मुलखातील मृत्यूंच्या नोंदी पटकी, देवी, ताप, अतिसार व आमांश, इजा आणि ‘इतर’ अशा मोजक्या रकान्यांत होत असत. स्तनाच्या रोगाने मेलेली स्त्री ‘इतर’ मध्ये जाई. आणि स्तनात गाठ असून जी मेली नाही, तिच्यासाठी रकानाच नव्हता. सौम्य रोगाची ही ऐतिहासिक अडचण आहे. तो मृत्यूच्या नोंदीत सापडत नाही, त्यामुळे राज्ययंत्रणेस तो दिसत नाही. तो दिसतो फक्त शल्यचिकित्सकाच्या टेबलावर, आणि तेथेही बहुधा चूक झाल्यानंतर.

ही चूक टाळण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लंडनच्या अॅस्टली कूपरने केला. त्याचा स्तनरोगांवरील सचित्र ग्रंथ १८२९ साली निघाला, आणि त्याचा पहिला भाग सर्वस्वी मारक नसलेल्या रोगांना वाहिलेला होता. दुसरा, मारक रोगांचा, भाग निघालाच नाही. विषयाची ही मांडणी विलक्षण म्हटली पाहिजे. ज्या काळी संवेदनाहारक औषधांचा शोधही लागला नव्हता, त्या काळी स्तन कापून काढणे म्हणजे काय यातना होत्या ह्याची कल्पना करता येईल. त्यामुळे कोणता स्तन कापू नये हे सांगणारा ग्रंथ हा दयेचाच ग्रंथ होता. दूध साठून होणारी गाठ, चिवट सावकाश वाढणारी गाठ, आणि गंडमाळेच्या प्रकृतीच्या, म्हणजे आजच्या भाषेत क्षयाच्या, स्तनातील सूज ह्यांची वर्णने त्यात आहेत. स्तनाच्या क्षयाचा वैद्यकीय वाङ्मयातील इतिहास बहुधा येथूनच मोजतात.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८३८ मध्ये, बर्लिनच्या योहानेस म्युलरने पानाच्या आकाराचे पदर असलेल्या एका मांसल अर्बुदास ‘सिस्टोसार्कोमा फिलोडीस’ असे नाव दिले. म्युलरच्या मते ते सौम्य होते. ‘सार्कोमा’ हा शब्द त्याने केवळ ‘मांसासारखे’ ह्या अर्थाने योजला. पुढे त्या शब्दास मारक अर्बुदाचा अर्थ चिकटला आणि नावच रुग्णाचे वैरी झाले. ह्या गाठींपैकी बहुसंख्य सौम्य असताना केवळ नावाच्या धाकाने संपूर्ण स्तन काढण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली ‘फिलोडीस अर्बुद’ हे तटस्थ नाव स्वीकारले, म्हणजे एक शब्द दुरुस्त होण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. परिभाषा बनविणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावे.

सूक्ष्मदर्शक आला तेव्हा वाद मिटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १८५४ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत मोठा वाद माजला. स्तनरोगांवर त्याच वर्षी भला मोठा ग्रंथ लिहिणारा वेल्पो हा अनुभवी शल्यचिकित्सक एका बाजूस, आणि कर्करोगाची म्हणून एक विशिष्ट पेशी असते व ती काचेखाली ओळखता येते असे म्हणणारे तरुण सूक्ष्मदर्शकवादी दुसऱ्या बाजूस. वेल्पोला प्रतिगामी ठरविण्याची प्रथा आहे. परंतु अशी एकच खुणेची पेशी नसते, हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. सूक्ष्मदर्शकाने निदान होते ते पेशींच्या परस्पर रचनेवरून, आणि ती रचना वाचावयास शिकण्यास आणखी अर्धे शतक गेले.

तोपर्यंत शस्त्रक्रियेचे पारडे जड झाले होते. हॉल्स्टेडने आपल्या आमूल स्तनोच्छेदनाचे विवरण १८९४ साली प्रसिद्ध केले, आणि छातीच्या स्नायूंसह स्तन काढणे हीच पुढील सत्तर-पाऊणशे वर्षे मान्य चिकित्सा होऊन बसली. शस्त्र जितके मोठे, तितकी निदानातील चूक महाग. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकच्या विल्सनने ऊतक गोठवून त्याचा छेद काही मिनिटांत तपासण्याची व्यवहार्य रीत सांगितली. तिच्यामुळे रुग्ण बेशुद्ध असतानाच निकाल मिळू लागला. सोय मोठी होती, पण तिच्यातून एक क्रूर प्रथाही जन्मली. स्त्री टेबलावर जाई तेव्हा शुद्धीवर आल्यावर स्तन असेल की नसेल हे तिला ठाऊक नसे, आणि घाईच्या त्या छेदाने विरळ सौम्य विकृतीस कर्करोग म्हटले तर दाद मागावयाची जागा उरत नसे. निदान व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करावी अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने केली ती १९७९ साली. हॉल्स्टेडचाच शिष्य ब्लडगुड ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते : स्त्रिया जो जो लवकर तपासावयास येऊ लागतात, तो तो त्यांच्यांत सौम्य गाठींचे प्रमाण वाढत जाते. ह्या निरीक्षणाकडे पुन्हा यावयाचे आहे.

क्ष-किरणांचा प्रवेश बर्लिनमध्ये झाला. अल्बर्ट सालोमोन ह्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण-चित्रे घेऊन ती ऊतकांच्या छेदांशी ताडून पाहिली, आणि १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅल्शियमचे बारीक कण त्याच्या चित्रांत आहेत. पुढे नाझींनी त्यास छळछावणीत डांबले. तो सुटून हॉलंडमध्ये गेला, परंतु त्याची चित्रकार कन्या शार्लोटे १९४३ साली आउशविट्झ येथे मारली गेली. जिवंत स्त्रीच्या स्तनाचे चित्रण १९३० मध्ये रॉचेस्टरच्या वॉरेनने मांडले, आणि १९५० च्या आगेमागे उरुग्वेच्या राऊल लेबोर्नने स्तन दाबून चित्र घेण्याची रीत व कॅल्शियमच्या कणांवरून सौम्य-मारक भेद करण्याचे नियम सांगितले. १९६० साली ह्यूस्टनच्या ईगनने पहिल्या एक हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला; त्याच दशकाच्या मध्यास स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो ह्याच्या प्रयत्नांतून केवळ स्तनचित्रणासाठी बनविलेले, मॉलिब्डेनमच्या लक्ष्याचे यंत्र फ्रान्समध्ये तयार झाले. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सामूहिक तपासणीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली, आणि मॅमोग्राम हा शब्द जगभर गेला.

ह्या सर्व परंपरेचा एकच प्रश्न होता : कर्करोग आहे की नाही? त्या प्रश्नास मॅमोग्राम चांगले उत्तर देतो. परंतु ‘नाही’ च्या बाजूस जे जे पडते ते नेमके काय, हा प्रश्न त्या यंत्राच्या जन्मकाळी कोणी विचारलाच नव्हता. काही सौम्य गाठी आपले नाव चित्रातच लिहून देतात, हे खरे. स्तनाच्याच घटकांची, पातळ आवरणात गुंडाळलेली गाठ, जिला हॅमार्टोमा म्हणतात व जिचे वर्णन मेयो क्लिनिकच्या अॅरिगोनी व सहकाऱ्यांनी १९७१ साली केले, ती स्तनात दुसरा लहान स्तन असावा तशी दिसते. दुधाच्या गाठीत वर स्निग्धांश व खाली पाणी अशी रेघ उभ्या स्थितीतील चित्रात उमटते. मार लागून चरबी मेल्याने होणाऱ्या गाठीत तेलाची पोकळी व तिच्याभोवती अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा थर दिसला तर पुढे काही करावे लागत नाही. परंतु तीच विकृती दुसऱ्या अवस्थेत हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेते, आणि १९२० सालीच ली व अडेअर ह्यांनी त्याविषयी शल्यचिकित्सकांस सावध केले होते.

उलट काही गाठी अशा आहेत की चित्र जितके चांगले, तितकी फसगत मोठी. अब्रिकोसॉफने १९२६ साली जिभेत वर्णिलेले कणमय पेशींचे अर्बुद पुढे स्तनातही आढळले. ते मज्जातंतूंच्या आवरणपेशींपासून होते, जवळजवळ नेहमी सौम्य असते, आणि तरीही त्याच्या कडा काटेरी व हाताला ते दगडासारखे. दीर्घकाळ इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांत होणारी तंतुमय गाठ १९८४ मध्ये सोलर व खरडोरी ह्यांनी वर्णिली. ध्वनिचित्रणात तिच्यामागे पडणारी काळी छाया भल्याभल्यांस चकविते. १९८६ साली वुइच, रोझेन व अर्लंडसन ह्यांनी रक्तवाहिन्यांचा भास निर्माण करणाऱ्या तंतुऊतकाच्या वाढीस वेगळे नाव दिले. तोपर्यंत तिचा घोटाळा रक्तवाहिन्यांच्या मारक अर्बुदाशी होण्याचा धोका होता. ही सर्व नावे कोणी दिली हे लक्षात घ्यावे. क्ष-किरणतज्ज्ञांपेक्षा विकृतिशास्त्रज्ञ व चिकित्सक ह्यांनीच ती दिली. यंत्राने त्यांचे चेहरे मागाहून पाठ केले.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या दोन विकृतींकडे येऊ. स्तनाच्या क्षयाचे वर्गीकरण मॅक्कीऑन व विल्किन्सन ह्यांनी १९५२ साली पाच प्रकारांत केले : गाठीचा, पसरलेला, कठीण होत जाणारा, नलिका बंद करणारा आणि तीव्र सर्वांगीण क्षयाचा. पैकी गाठीचा प्रकार फायब्रोॲडिनोमासारखा किंवा कर्करोगासारखा, आणि कठीण होत जाणारा प्रकार स्तन आखडविणाऱ्या कर्करोगासारखा दिसतो. योगायोगाने १९५२ हेच वर्ष आयसोनिआझिड उपलब्ध झाल्याचेही होय. त्यापूर्वी, स्ट्रेप्टोमायसिनची तुरळक वर्षे सोडल्यास, स्तनाच्या क्षयावर स्तन काढणे हा उपाय मानला जात असे. त्यानंतर तोच उपाय चूक ठरला. म्हणजे निदानाची किंमत एका दशकात उलटली. पूर्वी क्षय की कर्करोग हे न कळल्याने शस्त्रक्रियेत फारसा फरक पडत नव्हता. आता ते कळणे म्हणजे स्तन वाचणे.

पाश्चात्त्य ग्रंथांत स्तनाच्या क्षयाचे प्रमाण सर्व स्तनविकारांत शेकडा ०.१ हून कमी, आणि क्षयग्रस्त देशांत शेकडा ३ ते ४ पर्यंत, असे आकडे वर्षानुवर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते सावधपणे घ्यावेत. ते रुग्णालयात आलेल्यांचे आकडे आहेत, गावात राहिलेल्यांचे नव्हेत. कित्येक ठिकाणी जंतू प्रत्यक्ष न सापडता केवळ ऊतकातील कणिकांवरून, म्हणजे ग्रॅन्युलोमांवरून, क्षय ठरविला गेला. आणि हीच मेख आहे. १९७२ साली केस्लर व वोलोक ह्यांनी, प्रसूत झालेल्या तरुण स्त्रियांत होणारी, कर्करोगाचा भास करणारी आणि क्षयाशी संबंध नसलेली ग्रॅन्युलोमायुक्त स्तनदाहाची विकृती पाच रुग्णांवरून वेगळी काढली. त्यापूर्वीच्या ‘क्षया’ च्या नोंदींत ह्या विकृतीचा वाटा किती होता, हे आता सांगता येणे कठीण. १९८० साली तिच्यावर स्टेरॉइडचा उपचार सुचविला गेला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी एका कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जंतूशी तिचा संबंध दाखविला, आणि ‘अज्ञात कारणाची’ हे तिचे बिरुद थोडे सैल झाले.

अडचण अशी की ह्या दोन विकृती हाताला, डोळ्याला व चित्राला जुळ्या बहिणींसारख्या आहेत. तिशीतील स्त्री, काही वर्षांपूर्वीची प्रसूती, एका बाजूची गाठ, कधी कातडीतून फुटलेले नाडीव्रण. ध्वनिचित्रणात वेडीवाकडी काळसर गाठ व तिच्यापासून निघालेल्या नळीसारख्या शाखा. मॅमोग्राम तर ह्या वयातील दाट स्तनात मुकाच राहतो. आणि उपचार एकमेकांच्या विरुद्ध : एकीला क्षयाची औषधे कित्येक महिने द्यावयाची, दुसरीला ती निरर्थक; दुसरीला स्टेरॉइड गुणकारी, पहिलीला ते आगीत तेल. स्तनाच्या क्षयात जंतू संख्येने थोडे असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. जंतूंचा वारसघटक ओळखणारी जलद चाचणी, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली फुफ्फुसाच्या क्षयासाठी व २०१३ मध्ये इतर अवयवांच्या काही नमुन्यांसाठी केली, तिने मदत होते. परंतु नकारार्थी निकालाने क्षय नाहीच असे सिद्ध होत नाही. येथे क्ष-किरण किंवा ध्वनी निर्णय देत नाहीत. ते सुईने नमुना कोठून घ्यावा एवढे दाखवितात.

ह्या सुईचा इतिहासही लक्षणीय आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन व एलिस ह्यांनी १९३० साली सुईने पेशी शोषून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेत तिला फारसा मान मिळाला नाही, आणि १९६० नंतर स्वीडनच्या कारोलिन्स्का येथे फ्रान्झेन व झायिचेक ह्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. ध्वनीचा मार्ग मिनेसोटाचे वाइल्ड व रीड ह्यांनी १९५२ साली दाखविला, पण घन गाठींतील सौम्य-मारक भेदाचे काटेकोर निकष स्टॅव्ह्रॉस व सहकाऱ्यांनी ७५० गाठींच्या अभ्यासावरून सांगितले ते १९९५ मध्ये. मध्यंतरी, १९९० च्या सुमारास, जाड सुईने ऊतकाचा अखंड तुकडा काढण्याची रीत रूढ झाली. हाताची तपासणी, चित्र आणि सुई ह्या तिहींचा निकाल एकमेकांशी जुळला पाहिजे, आणि जुळला नाही तर निदान झाले असे मानू नये, हा जो ‘त्रिविध तपासणी’ चा नियम आज सर्वमान्य आहे, तो ह्या तीन वेगळ्या वाटांच्या संगमावर उभा आहे. विरळ सौम्य गाठीचे निदान वस्तुतः ह्या जुळणीनेच होते. चित्र काटेरी आहे आणि सुईचा निकाल ‘कणमय पेशी’ असा आहे, तर ती जुळणी झाली. चित्र काटेरी आणि निकाल ‘विशेष काही नाही’, तर सुई पुन्हा घातली पाहिजे.

मुंबईत ह्या परंपरेचा पाया विकृतिशास्त्राच्या बाजूने घातला गेला, ही आपल्या दृष्टीने भाग्याची गोष्ट. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनीच उपचार करावेत ह्या हेतूने उभारलेले कामा रुग्णालय १८८६ सालचे. पुरुष डॉक्टरास छाती दाखविण्याचा संकोच हा निदानाच्या इतिहासातील एक घटक आहे, आणि कोणत्याही यंत्रापेक्षा कामा रुग्णालयाने तो अधिक हलका केला असावा. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली परळ येथे सुरू झाले, आणि त्याच परिसरात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. खानोलकरांनी (१८९५–१९७८) ग्रँट व गोवर्धनदास सुंदरदास ह्या दोन्ही महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकविले होते, आणि पुढे १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. रोगाचे प्रमाण जाती, आहार व चालीरीती ह्यांप्रमाणे बदलते, परदेशी आकडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, ही मुंबईतील त्या काळची नोंद प्रसिद्धच आहे. हीच दृष्टी सौम्य गाठींना लावली असती तर ‘विरळ’ ची यादी आपल्याकडे पूर्वीच निराळी झाली असती. पण १९६३ साली मुंबईत सुरू झालेली नोंदणी, आणि १९८७ साली बार्शीस सुरू झालेली ग्रामीण भागातील नोंदणी, ह्या कर्करोगाच्या नोंदण्या आहेत. कर्करोग नाही असे ठरलेली स्त्री त्यांच्यातूनही बाहेर पडते. ‘इतर’ चा रकाना नाहीसा झाला, पण तिला नवा रकाना मिळाला नाही.

श्रीवर्धनहून परळला यावयाचे म्हणजे काय, ह्याचाही विचार निदानाच्या इतिहासात झाला पाहिजे. किनाऱ्यावरील आगबोटींच्या दिवसांत पावसाळाभर समुद्रमार्ग बंद असे, आणि ज्येष्ठात लागलेली गाठ दाखविण्यास नारळी पौर्णिमेनंतरचा दिवस उजाडे. आता म्हसळ्यावरून माणगावास येऊन मुंबईचा रस्ता धरता येतो. तरी पण त्रिविध तपासणी म्हणजे बहुधा एक दिवस नव्हे. चित्र एके दिवशी, सुई दुसऱ्या दिवशी, अहवाल आठवड्याने. आणि तिहींचा मेळ बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सुपारीच्या वाडीत काम करणाऱ्या किंवा मासळी विकणाऱ्या स्त्रीच्या हिशेबात ह्या प्रत्येक खेपेस मजुरी बुडते, सोबतीचे माणूस लागते आणि उतरावयास जागा लागते. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांची अशी सोय करते. ज्या स्त्रीला कर्करोग आहे की नाही हेच अजून कळलेले नाही, ती कोणत्या दारी जाणार? त्यामुळे खेप वाचविण्याकडे सर्वांचाच कल होतो. डॉक्टर अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करतो, किंवा शल्यचिकित्सक एकदाच काय ते काढून टाकू असे म्हणतो. ह्या दोन्ही निर्णयांत अज्ञानापेक्षा अंतराचा भाग अधिक असतो.

टाटा मेमोरियलच्या इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी मुंबईत १९९८ साली एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची वस्ती २० विभागांत वाटून, निम्म्या विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली वीस वर्षांचे फळ प्रसिद्ध झाले : पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे शेकडा ३० नी घटले, सर्व वयांचा मिळून घट शेकडा १५ आली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे आढळले नाही. महागड्या यंत्राशिवाय माणसाचा हात किती करू शकतो ह्याचा हा पुरावा आहे व त्याचे मोल मोठे आहे. तथापि ब्लडगुडचे निरीक्षण येथे आठवावे. हात जितके अधिक, तितक्या गाठी अधिक. आणि पन्नाशीच्या आत सापडणाऱ्या गाठींत सौम्यांचा भरणा मोठा. त्यांतील बहुतेक नेहमीच्या असतात व ध्वनिचित्रणाने चटकन निकालात निघतात. जी थोडी उरतात ती ह्या लेखात वर्णिलेली, आणि त्यांना सुई व सुईपलीकडे बसलेला अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ पाहिजे. तो श्रीवर्धनास असावा असा आग्रह कोणी धरणार नाही. पण काचपट्टी, मेणात बसविलेला ऊतकाचा ठोकळा व ध्वनिचित्र ह्यांस मजुरी बुडत नाही, की सोबत लागत नाही. रुग्णाऐवजी त्यांनी प्रवास करावा, ही व्यवस्था तांत्रिक दृष्ट्या केव्हाच शक्य झाली आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या कार्यपद्धतीनुसार तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावयाची आहे, आणि तत्पूर्वी आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन एक प्रश्नावली भरून घेते. स्तनात गाठ आहे काय, असा प्रश्न त्या प्रश्नावलीत आहे. १८८३ साली ज्या गोष्टीला रकाना नव्हता तिला तो मिळाला. उत्तराच्या जागा दोन आहेत, होय आणि नाही. ‘होय’ म्हणणाऱ्या स्त्रीची गाठ पुढे दुधाची निघाली, क्षयाची निघाली की कणमय पेशींची, हे लिहिले जाते ते मुंबईच्या प्रयोगशाळेतील अहवालावर, आणि तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीच स्त्री माणगावची गाडी पकडते.